फ्लॅट दिवसावर द्यायचा, पण चावी घेऊन कोण जाणार?

"ताई, फ्लॅट रिकामा ठेवणं जिवावर येतं आणि रोज नव्या माणसाला द्यायचा म्हटलं की झोप लागत नाही." साताऱ्यात ही तक्रार आता वारंवार कानावर येते. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास पठार जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. ठोसेघर, सज्जनगड करणारे वेगळेच. साहजिकच ज्याच्याकडे जादा फ्लॅट आहे, त्याच्या घरात हा विषय निघतो.

अशाच एका घरातले काका-काकू माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत.) राहायला गोडोलीत, दुसरा फ्लॅट शाहूपुरीत. तो काकांच्या निवृत्तीच्या पैशातून मुलासाठी घेतलेला. मुलगा पुण्यात नोकरीला, तिथेच स्थिरावलेला. त्याचं म्हणणं, फ्लॅट अ‍ॅपवर टाकू. रात्रीचे अडीच हजार, महिन्याला वीस रात्री, म्हणजे पन्नास हजार. काका खूश. काकूंनी मात्र जेवण कमी केलं होतं आणि मुलगा त्यांना जुन्या विचारांची म्हणत होता.

मी आधी काकूंशी एकटीशी बोलले. पहिलं उत्तर अपेक्षित होतं: "तिथं मी सुनेसाठी देव्हारा बसवलाय. कोण येईल, काय पितील, कसं सांगावं?" ही भीती खरीच आहे, पण देव्हारा घरी आणता येतो, एक खोली कुलूपबंद ठेवता येते. म्हणून विचारलं, पाहुणे रात्री अकराला आले तर चावी द्यायला कोण जाणार?

"मीच. ह्यांचे गुडघे दुखतात."

चादरी, उशांचे अभ्रे कोण धुणार? बाथरूम कोण घासणार? कामवाल्या मावशींनी दांडी मारली तर? प्रत्येक उत्तर तेच होतं आणि हे सगळं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. घरात चर्चा पैशांची झाली, कामाची झालीच नाही. अशा बहुतेक घरांत मला हेच दिसतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. नकार देणाऱ्या बाईला भित्री ठरवलं जातं. खरं तर पुढचं राबणं तिला एकटीलाच आधी दिसलेलं असतं.

काकांचं वेगळंच होतं. नोकरीत दिवसभर माणसांत असलेला माणूस. निवृत्तीनंतर फोन वाजायचा थांबला. पाहुण्यांना कासचा रस्ता सांगायचा, अजिंक्यताऱ्यावर न्यायचं, यात त्यांचा जीव अडकला होता. पैसा त्यांच्या बोलण्यात फारसा आलाच नाही.

पुढच्या बैठकीला मुलालाही बोलावलं. एक कोरा कागद ठेवला आणि सांगितलं, हंगामातला एक शनिवार सकाळपासून रात्रीपर्यंत लिहा, प्रत्येक कामापुढे नाव घाला. मुलाच्या नावापुढे फक्त 'बुकिंग पाहणे' आलं. काकूंनी त्याला विचारलं, "सप्टेंबरात दर शनिवारी येशील?" तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही जमणार, आई."

वीस रात्रींचा हिशेबही तिथेच उतरला. कासची फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मग दिवाळी, मे महिन्याची सुट्टी. मधले महिने साताऱ्यात कोण अडीच हजार देणार? त्यातून अ‍ॅपचं कमिशन, धुलाई, वीजबिल वजा.

कायद्याचा सल्ला मी देत नाही, पण चौकशी करून या, असं सांगते. सोसायटीच्या उपविधींत काय आहे ते आधी सेक्रेटरींना विचारा, शेजाऱ्यांनाही स्वतःच सांगा, त्यांना ते बाहेरून कळायला नको. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. लांब मुदतीने द्यायचं तर 'अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही' हा समज सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) लावू शकते, पण सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच.

दिवसावर देणं वाईट, असं माझं मत नाही. दुसऱ्या एका घरात ते छान चाललं आहे. तिथे नवरा-बायको त्याच इमारतीत राहतात, दोघांनाही हौस आहे आणि साफसफाईसाठी पगारी माणूस पहिल्या दिवसापासून ठेवला आहे. या काका-काकूंकडे यातलं काहीच नव्हतं.

फ्लॅट अखेर बदलीवर आलेल्या एका जोडप्याला अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराने दिला. भाडं मुलाच्या आकड्याच्या जवळपासही नाही. तो अजून थोडा नाराज आहे. काकू जेवू लागल्या. काका मात्र गप्प झाले होते, म्हणून त्यांना मी एकट्याला येत राहायला सांगितलं आहे. त्यांचा प्रश्न फ्लॅटचा नव्हताच आणि त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.