पाणी उतरल्यावर ये

निपाणी

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. दूधगंगा चढली, कारदगा-भोज बंधारा बुडाला, म्हणून तुला उद्याच काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत, कामाला यायचंय. पण त्याच पत्रात शेवटी लिहिलंयस की महिनाभर धड झोप नाही, जेवण जात नाही, घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही, 'निदान कुणाच्या उपयोगी तरी पडेन'. मला तुझ्या पत्रात पुराहून तेच मोठं दिसलं.

घरच्या दुखण्यापासून पळून आलेली पोरं मी केंद्रांवर बरीच बघितलीत. पहिले दोन दिवस ती सगळ्यांच्या पुढं. मग एखादी म्हातारी वाहून गेलेल्या म्हशीचं सांगते आणि तिच्याआधी हीच हुंदके द्यायला लागतात. म्हातारी बिचारी उठून यांना पाणी आणून देते. रडावं माणसानं, त्यात वाईट काही नाही. पण जिचं घर पाण्यात आहे, तिच्यावर तुला सावरायची पाळी का यावी?

दोन आठवड्यांच्या वर असं चाललं असेल तर डॉक्टरला दाखवायचंच. तोवर १४४१६ लाव, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालतो. आणि आईला सांग. तिला कळलेलं असतंच, फक्त तू सांगायची वाट बघत असते.

आता शरीराचं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते बघ. पुराच्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते, पायाला बारीकशी चीर असली तरी त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ शकतो. गमबूट लागतातच. लेप्टो टाळायला डॉक्सीसायक्लिनची गोळीही देतात, पण ती डॉक्टरला विचारून, मनानं नाही. वाहतं पाणी घोट्याच्या वर गेलं की पाय उचलला जातो, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही. आमच्याकडं गुळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडल्याच्या गोष्टी लोक मिशीला पीळ देत सांगतात. ऐकायच्या, आणि काठावर थांबायचं.

आपल्या बायकांचं आणखी एक. संडासची सोय नसते म्हणून आपण दिवसभर पाणीच पीत नाही, मग चौथ्या दिवशी लघवीला जळजळ आणि ताप. कुठल्याही केंद्रावर गेलीस तरी पहिल्यांदा सोय कुठं आहे ते विचार, लाजू नको. काही कार्यकर्ते याला नखरे म्हणतील. म्हणू देत. २०१९ च्या महापुरात रात्र रात्र जागून मोटारसायकलवरून भाकऱ्या पोचवणारी पोरं होती, त्यांचं कौतुक मलाही आहे. पण डोळ्यावर झापड असताना गाडी चालवणं याला मी सेवा म्हणणार नाही.

पुरात माणसं भरपूर मिळतात. फोटो काढणारेही. पाणी उतरलं की ती पांगतात आणि खरं काम तेव्हा निघतं: घरातला चिखल काढणं, पंचनामे, भरपाईचे अर्ज. अर्ज कन्नडमध्ये असतात, आमच्या कितीतरी म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत. तुला दोन्ही भाषा लिहिता-वाचता येतात. तुझं नाव मी त्या तुकडीत घातलंय, पुढच्या महिन्यात.

तोवर डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझी,
मावशी