कडी आता आतून आहे

“ताई, मी २२ वर्षांची आहे. आमचं घर गावापासून लांब, उसाच्या रानात. आठवीनंतर बाबांनी माझी शाळा बंद केली. गणिताच्या बाई चोरून पुस्तकं द्यायच्या (पण शिकायला आता काय वय राहिलं). आधी मैत्रिणी तोडल्या, मग मामाकडे जाणं, मग टीव्ही. माझ्या खोलीला कडी फक्त बाहेरून होती. भाकरी करपली, उशीर झाला, खिडकीतून कुणाकडे बघितलं, की पट्टा. आई म्हणायची, तूच त्यांना चिडवतेस. बाहेर पडायचं ते फक्त सकाळी डेअरीला दूध घालायला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दूध घातलं, पावती किटलीच्या झाकणात ठेवली, किटली शेजारच्या पोराबरोबर घरी पाठवली आणि एसटीत बसले. जवळ आजीने चोरून दिलेले ६०० रुपये होते. आता पुण्यात एका बेकरीत काम करते, तिघी मिळून एका खोलीत राहतो. पहिल्या रात्री आतली कडी लावली आणि ती उघडते ना, हे बघायला चार-पाच वेळा उठले. अजूनही पाणी प्यायचं तरी मैत्रिणींना विचारते, आणि त्याची लाज वाटते. महिन्यापूर्वी न राहवून आईला फोन केला. तेव्हापासून ती रोज फोन करते. बाबा आजारी आहेत, तुझ्या नावाने रडतात, दिवाळीला ये, म्हणते. धाकटा भाऊ १२ वर्षांचा आहे. त्याचीही शाळा सुटली, असं आजीकडून कळलं. ते मला जबरदस्तीने नेतील अशी भीती वाटते. मी पळून आले, ताई. मी वाईट मुलगी आहे का? दिवाळीला जाऊ का?”

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या किटलीपाशी थांबले. ज्या घरात तुला पट्ट्याने मारलं, त्या घराच्या दुधाचा हिशेबही तू चुकू दिला नाहीस. आयुष्यातली सगळ्यात भीतीची सकाळ, एसटी चुकली तर सगळंच संपलं, आणि त्या घाईत तू पावती झाकणात ठेवतेस. आणि मला विचारतेस, मी वाईट मुलगी आहे का? नाही गं. अजिबात नाही.

आणि तो ‘पळून आले’ हा शब्द आधी बाजूला ठेव. आपल्याकडे मुलगी घराबाहेर पडली की हाच एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, ती का गेली हे विचारायच्याही आधी. गुन्हा करून माणूस पळतो. तुला कोंडलं होतं, तू सुटलीस.

मी लहान असताना आमच्या वाड्यात मागच्या खोल्यांत एक कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. संध्याकाळी तिकडून आवाज यायला लागले की आमच्याकडे रेडिओ मोठा व्हायचा. ‘त्यांच्या घरातलं प्रकरण आहे, आपण पडू नये,’ असं मोठी माणसं म्हणायची, आणि त्यातली बरीचशी एरवी खरोखर चांगली माणसं होती. एक दिवस ते कुटुंब सामान भरून निघून गेलं. ती मुलगी पुन्हा कधी दिसली नाही. इतकी वर्षं झाली, तो वाढवलेला रेडिओ अजून माझ्या कानातून जात नाही. तुझ्यासारखं पत्र आलं की मी म्हणूनच गोलगोल बोलत नाही.

तुझ्या घरी जे चाललं होतं ती शिस्त नव्हती, तो छळ होता. शिस्तीत मुलाला नियम आधी ठाऊक असतो आणि तो पाळला की विषय संपतो. तुझ्याकडे काय केलं की मार बसेल याचा पत्ता तुलाच कधी लागला नाही. म्हणून तू सगळंच जपून करायला शिकलीस, श्वाससुद्धा. आणि क्रम बघ: मैत्रिणी, मामा, टीव्ही. मार वाढण्याआधी माणसं तोडली गेली. कारण एकजण जरी रोज तुझ्याशी बोलणारं असतं, तरी कधीतरी ते म्हणालंच असतं, “असं नसतं गं कुणाकडे.” गावाला मात्र एवढंच दिसत होतं, की पोरगी किती साधी, मान वर करून बघत नाही.

आता आईचं बोलू, कारण तुझ्या पत्रात खरी कळ तिथे आहे. बाबांबद्दल तू भीतीने लिहिलंयस, आईबद्दल मायेने. तीही त्याच घरात आहे, तीही मार खात असेल, हे तू लिहिलं नाहीस तरी ओळींमधून कळतं. तिची कीव येणं साहजिक आहे, येऊ दे. पण “तूच त्यांना चिडवतेस” हे वाक्य तिचं आहे, आणि लहान पोरीला ते ऐकवणं हा अन्यायच होता. ती स्वतः घाबरलेली होती म्हणून तो अन्याय पुसला जात नाही. या दोन्ही गोष्टी तुला एकाच वेळी वाटतात म्हणून तू गोंधळतेस. वाटू देत. एक खोडून दुसरी ठेवायची गरज नाही. तिला १८१ हा महिलांसाठीचा नंबर सांगून ठेव. त्यापुढचं पाऊल तिचं तिला उचलावं लागेल. तिला पाठुंगळी घेऊन तू बाहेर पडू शकत नव्हतीस, आजही शकत नाहीस.

तिचे रोजचे फोन घेऊ नकोस. आठवड्यातून एकदा, तू ठरवशील त्या वेळी, तूच फोन कर. खोलीचा पत्ता, बेकरीचं नाव, सुट्टीचा वार, यातलं काहीही सांगू नकोस. ती मुद्दाम दगा देईल असं मी म्हणत नाही. पण तिच्यासमोर उभं राहून कुणीतरी दरडावून विचारणार आहे.

दिवाळीला जाऊ नकोस.

हे मी पूर्ण विचार करून सांगते आहे. ज्या घराला कडी बाहेरून आहे, तिथे आत जाणं तुझ्या हातात असतं, बाहेर येणं नसतं. बाबा खरंच आजारी असतील तर आईला विचार, कोणता दवाखाना, कोणते डॉक्टर. नाव मिळालं तर तिथे स्वतः फोन लावून खात्री कर. तरीही भेटावंसं वाटलं तर दवाखान्यात, भेटीच्या वेळेत, बरोबर मैत्रीण घेऊन, परतीचं तिकीट आधी काढून. मूळ आधार कार्ड पुण्यात ठेवून जा. आणि नाही वाटलं भेटावंसं, तर तेही चालेल. आजारपण आलं म्हणून आधीची वर्षं रद्द होत नाहीत.

ते तुला जबरदस्तीने नेतील या भीतीबद्दल. तू सज्ञान आहेस. १८ पूर्ण झालेल्या माणसाने कुठे राहायचं हे त्याचं तो ठरवतो, आई-वडीलही त्याला घरी ओढून नेऊ शकत नाहीत. २०१८ साली केरळमधल्या एका तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. तुझ्या गावच्या ठाण्यात ‘मिसिंग’ची तक्रार दिलेली असू शकते. तू राहतेस त्या भागातल्या पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज दे: मी सज्ञान आहे, स्वतःच्या इच्छेने वेगळी राहते, माझा पत्ता घरच्यांना देऊ नये. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे आणि ती जपून ठेव. एकटीने जायला धाकधूक होत असेल तर आधी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोनवरून विचारायचं तर १५१००. आणि कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा फक्त सासरच्या छळासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं, ते चूक आहे. माहेरी छळ झालेल्या मुलीलाही तो लागू आहे, घर सोडल्यानंतरही. त्यात मार येतो, तसाच मानसिक छळही येतो. केस करायची की नाही हे तू ठरव, घाई नाही. कुणी दारात येऊन उभं राहिलं तर मात्र विचार करत बसू नकोस, ११२ लाव.

पाणी विचारून पितेस, त्याचं. मला हे वाचून फार वाईट वाटलं, आणि तुला त्याची लाज वाटते हे वाचून त्याहून जास्त. इतकी वर्षं परवानगीशिवाय हललं की मार, हे तुझ्या अंगाने पाठ केलंय. दोन वर्षांत ते कसं जाईल? खोलीतल्या दोघींना एकदा सांगून टाक: मी विचारलं तर हसू नका, फक्त ‘घे की’ म्हणा. मग रोज एक गोष्ट न विचारता कर. खिडकी उघड. दुसरा चहा घे. छातीत धडधडेल, धडधडू दे, ती ओसरेपर्यंत तिथेच उभी राहा. रात्री दचकून उठणं, नुसत्या मोठ्या आवाजाने थरथरणं असं होत असेल तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ज्याला झोप लागत नाही त्यानेही करावा असा तो फोन आहे, वेडाचा वगैरे अर्थ लावू नकोस.

भावाबद्दल मात्र थांबायला वेळ नाही. तो १२ वर्षांचा आहे, आणि ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कायद्याने बंधनकारक आहे. त्याला मार बसत असेल तर बाल न्याय कायद्याखाली तो गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर, तोही फुकट, तोही चोवीस तास. तू पुण्यातून फोन करू शकतेस आणि नाव गुप्त ठेवा असं सांगू शकतेस. वस्तीवर कसं पोचायचं, बाबा घरी कधी नसतात, शाळा कोणती होती, हे आधी कागदावर लिहून घे, फोनवर सुचत नाही. जिल्ह्याचे लोक चौकशी करतील, गरज वाटली तर त्याला बालकल्याण समितीसमोर नेतील. एका फोनने सगळं होईल असं मी खोटं सांगणार नाही. कधी नुसती समज देऊन मूल घरीच ठेवतात, मग पुन्हा फोन करावा लागतो. पण त्याला ठेवायला विश्वासाचं नातेवाईक आहे का, हे समिती विचारतेच. तुमच्याकडे आजी आहे. जिने पदरातून तुला ६०० रुपये काढून दिले ती नातवाला भाकरी घालेल असं मला वाटतं, पण तिला आधी विचारायला हवं.

आणि तुझी शाळा. तुला ‘आता काय वय राहिलं’ असं वाटतं, हे तू कंसात लिहिलंयस. १७ नंबरचा फॉर्म ऐकून आहेस का? शाळेत न जाता, बाहेरून दहावीला बसता येतं. मंडळ दरवर्षी तारखा जाहीर करतं, अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद जवळच्या संपर्क केंद्र शाळेत द्यायचे. शाळा सोडल्याचा दाखला घरी राहिलाय, तर त्यासाठी घरी जायचं कारण नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरला तुझं नाव आहे, प्रतिज्ञापत्र करून दुय्यम दाखला मागता येतो. तुझ्या गणिताच्या बाई तुला चोरून पुस्तकं द्यायच्या म्हणतेस, त्यांच्याकडूनच हे काम करून घे. आधारला मोबाइल नंबर बाबांचा असेल तर तो पहिल्यांदा बदल. आधार केंद्रावर नुसत्या बोटांच्या ठशावर होतं ते काम, नाहीतर तुझे सगळे ओटीपी त्यांच्याकडे जात राहतील.

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही. आज बेकरीतून सुटलीस की आईला नको, आजीला फोन कर. भाऊ कसा आहे, हे विचार. आणि वेळ पडली तर त्याला ठेवून घेशील का, एवढंच.

तुझी,
ताई