तलंगांना प्रोटीन किती नव्हे, लायसिन किती ग्रॅम

मुरबाडच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: पांढऱ्या अंड्याच्या जातीच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) आठव्या आठवड्यात आहेत, वजन मागे पडतंय. सोया महागला म्हणून डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) काढून शेंगपेंड (शेंगदाण्याची पेंड) घातली. आता प्रोटीन १६ वरून १८ टक्क्यांवर न्यावं का?

मी ठाण्यात राहतो आणि मुरबाड-शहापूर पट्ट्यातल्या शेडचं खाद्य बघतो. माझं मत स्पष्ट आहे: प्रोटीन वाढवू नका. आधी पक्ष्याला रोज किती ग्रॅम लायसिन (प्रोटीनचा एक घटक, जो खाद्यातूनच मिळावा लागतो) लागतं ते काढा, मग तो किती खातो ते बघा. टक्केवारी या दोन आकड्यांतूनच निघते.

या वयात पक्षी दिवसाला साधारण १२ ग्रॅम वाढतो. त्यात प्रोटीन २.४ ग्रॅम धरू: १.९ अंगाचं, ०.५ पिसांचं. अंगाच्या प्रोटीनमध्ये लायसिन साडेसात टक्क्यांच्या आसपास, पिसांत जेमतेम दोन. म्हणजे रोज ०.१५ ग्रॅम लायसिन शरीरात साठतं. खाल्लेलं सगळं कामी येत नाही, सत्तर टक्के धरलं तर ०.२१ लागतं. वाढ सोडून नुसतं शरीर चालवायला आणखी ०.०३. एकूण जवळपास पाव ग्रॅम पचणारं लायसिन.

पक्षी ४५ ग्रॅम खात असेल तर खाद्यात पचणारं लायसिन ०.५५ टक्के हवं. पचनाचा हिशेब धरला (८८ टक्के) तर एकूण ०.६२. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात पांढऱ्या अंड्याच्या जातीला ६ ते १२ आठवड्यांसाठी ०.६० दिलंय, म्हणजे आपला ढोबळ हिशेब भलतीकडे गेलेला नाही. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तोच पक्षी ४० ग्रॅमवर येतो. गरज तीच राहते, टक्केवारी मात्र ०.७० व्हावी लागते. तक्त्यातला आकडा उचलून उन्हाळ्यात वापरणारे नेमके इथे अडकतात.

आता तुमचं खाद्य बघू. मका ६०, शेंगपेंड २०, डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) १७, बाकी मिनरल-प्रिमिक्स. प्रोटीन १६ च्या वरच येतं, म्हणून कागदावर सगळं ठीक दिसतं. पण मक्यात लायसिन ०.२५ टक्के, शेंगपेंडीत दीडच्या आसपास. डीओसीत ते २.८ असतं. तुमच्या मिश्रणात सगळं मिळून एकूण लायसिन ०.५५ टक्के. चाळीस ग्रॅम खाद्यातून पचणारं लायसिन ०.१९ ग्रॅम मिळतं आणि हवंय पाव ग्रॅम. शेंगपेंड वाढवून प्रोटीन १८ वर नेलंत तर लायसिन थोडं वाढेल, पण जास्तीचा नायट्रोजन युरिक ॲसिड होऊन विष्ठेत जाईल, लिटर (शेडमध्ये खाली पसरलेला भुसा) ओलं होईल, शेडमध्ये अमोनिया वाढेल.

डीओसी पुन्हा घाला, किंवा टनाला १.८ किलो एल-लायसिन एचसीएल (तयार लायसिनची पावडर). तेवढ्यावर थांबू नका: या मिश्रणात मेथिओनिनही (लायसिनसारखाच प्रोटीनचा दुसरा घटक) ०.२४ टक्क्यांच्या आसपास आहे, तक्त्यात ०.२५. या वयात पक्षी पिसं बदलतो आणि पिसांच्या प्रोटीनमध्ये सात-आठ टक्के सिस्टीन असतं, जे शरीर मेथिओनिनपासून बनवू शकतं. ते कमी पडलं तर पिसं विरळ येतात, पक्षी एकमेकांची उपटायला लागतात. म्हणून थोडं डीएल-मेथिओनिनही टाकाच. शेंगपेंडीत अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) शंका असेल तर तपासून घ्या, पावसाळ्यात तर हमखास.

वरचा हिशेब सरासरी पक्ष्याचा आहे. शेडमधला निम्मा कळप त्याहून जास्त मागतो, म्हणून पाच-सात टक्के वर ठेवायला मी कचरत नाही. त्यापलीकडे पैसे घालून फायदा नाही. तलंगेत उशिरा भरपाई करायची ताकद असते, फक्त अंडं यायला उशीर होतो. बारा आठवड्यांनंतर गरज टक्केवारीत उतरते, तेव्हा हेच खाद्य पुढे ओढत नेऊ नका.

शंभर पक्ष्यांचं एकेक वजन आणि आठवड्याचं खाद्य कळवा, तुमच्याच आकड्यांवर हिशेब पुन्हा करून देतो.