कवटीवाल्या पतंगाच्या मिशा

प्रश्न : ताई, मनगटापासून कोपरापर्यंत गॉथिक धाटणीचा टॅटू काढायचाय. पाठीवर कवटी असलेला पतंग (उडवायचा नव्हे, कीटक), फक्त काळ्या-करड्या शाईत. आई म्हणते, मरणाचं चित्र अंगावर कशाला? त्याचा अर्थ खरंच इतका वाईट आहे का?

उत्तर : कवटी काही त्याने मागून घेतलेली नाही. डेथ्स हेड हॉकमॉथ नावाच्या या पतंगाच्या पाठीवर, पंखांच्या मुळांमध्ये, पिवळसर लव असते. तिच्यातले दोन काळे ठिपके आपल्याला डोळ्यांच्या खोबण्या वाटतात, एवढंच. बाकीचं काम नावाने केलं. 1758 मध्ये जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने त्याला अ‍ॅट्रोपोस म्हटलं. ग्रीक कथांमध्ये आयुष्याचा धागा कापते ती ही देवी. त्याच्या आशियातल्या दोन भावंड-जातींपैकी एकीला धागा मोजणाऱ्या लॅकेसिसचं नाव मिळालं, दुसरीला स्टिक्स या पाताळनदीचं. मग बदनाम व्हायला कितीसा वेळ लागतो!

प्रत्यक्षात हा गडी मधचोर. रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो. अंगाचा वास त्यांच्यासारखाच, त्यामुळे खपून जातो. आखूड, दणकट सोंडेने मेण फोडतो आणि मध पितो. डिवचलं तर सोंडेतून हवा आत-बाहेर करून चक्क चिरकतो. आईला हे सांग. यमदूतापेक्षा रात्री चोरून डबे उघडणाऱ्या पोराशीच त्याचं जास्त जुळतं.

आता माझ्या, म्हणजे टॅटूवालीच्या, कामाचं. काळी-करडी शैली म्हणजे पाणी घालून पातळ केलेली काळी शाई. अमेरिकेतल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या, कैद्यांनी एकाच सुईवर ती जोपासली. 1975 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसला ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ सुरू झालं आणि तिथून ती दुकानांत रुळली. तुझ्या पतंगाच्या पोटावर पिवळे पट्टे आहेत. ते करड्यात उतरवले की शेजारच्या काळ्यात बुडतात. तिथे कातडी कोरी सोडायला सांग. पांढऱ्या शाईवर भिस्त ठेवू नकोस, ती लवकर विटते.

आणि मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका! पिसासारख्या मिशा दुसऱ्या पतंगांच्या. याच्या जाड, टोकाला किंचित वळलेल्या. नवखी असताना मीही पिसं काढून बसले होते. गिऱ्हाईक निघालं कीटकशास्त्राचा विद्यार्थी. बिचारा काही बोलला नाही, फक्त आरशात बराच वेळ बघत राहिला. मला अजून लाज वाटते. पायही मोज. सहाच्या सहा छातीतून निघायला हवेत, पोटातून नाहीत.

नक्षी फार बारीक नको. वर्षं जातात तशी शाई कातडीत थोडी पसरते आणि लवेचा एकेक केस काढलेला असेल तर त्याचा डाग होतो. खऱ्या पतंगाचे पंख पसरले तर साधारण 9 ते 13 सेंटिमीटर भरतात, हातावर ते आडवे मावणार नाहीत. टाचणी मारून पेटीत ठेवल्यासारखा पसरलेला पतंग मला तसाही आवडत नाही. बसलेला काढून घे : पंख छपरासारखे मागे मिटलेले, डोकं कोपराकडे. अशाने तो खऱ्या मापाचा बसेल आणि कवटीही झाकली जाणार नाही.