आईला विचारा, तिला काय हवंय

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. आई यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी, भाऊ-वहिनींजवळ. गर्भाशयमुखाचा कॅन्सर पसरला आहे आणि नागपूरच्या डॉक्टरांनी केमो थांबवून आता फक्त त्रास कमी करणारे उपचार करू, असं सांगितलं आहे. आई गप्प गप्प झाली आहे, ताट परत पाठवते, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. ताईंचे प्रश्न दोन. तिला मुंबईला हलवू का? आणि आजाराचं नाव अजून सांगितलेलं नाही, ते लपवूनच ठेवू का?

ताई, मुंबईचं आधी बोलते. नागपूरच्या डॉक्टरांना विचारा, की तिथे नेऊन आईचा नेमका कोणता त्रास कमी होईल? ठोस उत्तर आलं तर जरूर न्या. नाही आलं तर त्या माउलीला रात्रभराच्या प्रवासात घालू नका. दूर असल्याची टोचणी फार वाईट असते, काहीतरी मोठं करावं असं वाटतं, आणि त्याचे हाल अंथरुणावरच्या माणसाला सोसावे लागतात.

आता लपवण्याचं. रेडिएशनच्या रांगेत बसून आलेल्या बाईला आपल्याला काय झालंय हे कळत नाही, असं मला अजिबात वाटत नाही. तिला कळतं. घरचे डोळे चुकवतात हेही कळतं, म्हणून तीही बोलत नाही. सगळं घर एकमेकांना सांभाळत गप्प आणि त्या गप्पपणात ती एकटी. तुम्ही नाव सांगायची घाई करू नका, आधी विचारा. ‘माय, तुले काय वाटते, कायचा आजार हाय हा?’ एवढं म्हणून थांबा. फोनवर शांतता पसरली तरी मध्ये बोलू नका. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. नको म्हणाली तर तिथेच सोडा, पुन्हा कधीतरी विचारा.

भिंतीकडे तोंड करून पडण्याचं कारण मन आहे असं धरून चालण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, दुखणं. ते रात्री जास्त जाणवतं आणि मुलासमोर बाया सांगत नाहीत. तीव्र दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या उत्तम काम करतात. ‘मॉर्फिन म्हणजे आता संपलं’ ही भीती आपल्याकडे घराघरात आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतलं तर त्याने मरण जवळ येत नाही. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच. हे औषध 1985च्या अंमली पदार्थ कायद्याखाली येतं. 2014च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं, पण 2020च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. भावाला कागदपत्रं घेऊन कॅन्सर रुग्णालयात जावं लागेल. त्या फेरीचा गाडीखर्च तुम्ही उचला.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. या आजारात अंगावरून जातं आणि त्याला वास येतो. मला या पत्रात सगळ्यात आधी तोच दिसला. आयुष्यभर पहाटे उठून सडासारवण करणारी, अंघोळीशिवाय चुलीजवळ न जाणारी बाई अशा वेळी लाजेने अंग चोरते. नातवाला जवळ घेत नाही, भेटायला आलेल्या बायांना लवकर जा म्हणते आणि भिंतीकडे वळते. वहिनींना विचारा, हळूच, भाऊ जवळ नसताना. यावर इलाज आहे. मेट्रोनिडॅझोल हे स्वस्त औषध डॉक्टर गोळीच्या किंवा भुकटीच्या रूपात देतात, काही दिवसांत वास बराच कमी होतो. जुन्या सुती लुगड्याच्या स्वच्छ धुतलेल्या घड्या, त्या बदलायला आडोसा आणि उघडी खिडकी. एवढ्यानेही ती पुन्हा लोकांत बसेल.

हे दोन्ही आटोक्यात आलं आणि तरीही मन उठत नसेल, तर ते नैराश्य समजून उपचार करा. ‘एवढ्या आजारात उदास तर होणारच’ म्हणून सोडून देतात, ते मला मान्य नाही. भूक आणि ताकद कॅन्सरनेही जाते, त्यावरून काही कळत नाही. कशातच जीव रमत नाही, ‘माह्यापायी घर बसलं’, ‘मी कोणाच्याच कामाची नाही’, ‘देवा ने आता’ असं रोज तोंडी असेल तर डॉक्टरांना सांगा. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून वाट पाहू नका. आणि काही तासांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागली तर ते नैराश्य नव्हे. जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी किंवा औषधाचा परिणाम असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. वहिनींना स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक गावातून फुकट लागतो.

2010 साली बॉस्टनमधल्या एका अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी काहींना सुरुवातीपासूनच नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह सेवा, म्हणजे हीच त्रास कमी करणारी सेवा, दिली होती. त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी आढळली, 38 टक्क्यांऐवजी 16, आणि ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. आजार वेगळा होता हे खरं. पण ‘केमो थांबली म्हणजे हात टेकले’ असं जे वाटतं, त्याला हे चांगलं उत्तर आहे.

फोन सकाळी लावा. तुमची रात्र, तिची सकाळ, आणि तेव्हा ती ताजी असते. ‘काय खाल्लं?’ हा प्रश्न बंद. शरीरच अन्न नको म्हणतंय, आग्रहाने उलटी होते आणि आपण पोरांना दुखावलं असं तिला वाटतं. दोन चमचे पेज गेली तरी पुरे. त्यापेक्षा तिचा सल्ला मागा. नदीकडच्या वावरात यंदा पऱ्हाटी की सोयाबीन, आंबाडीच्या भाजीला कण्या किती, धाकट्या भाचीचं लग्न कधी धरायचं. ती संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जात असेल, तर त्या वेळी तिची बाज ओसरीत काढा म्हणावं.

पैसे पाठवताय, तर नुसते पाठवू नका, कशासाठी ते ठरवून पाठवा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मोटरचा एअर बेड आणि लाइट गेल्यावर तो व उन्हाळ्यात कूलर चालावा म्हणून इन्व्हर्टर. आठवड्यातून दोन रात्री गावातली एखादी बाई पगारावर मदतीला, म्हणजे वहिनींना सलग झोप मिळेल. वहिनींना औषधांचा हिशेब विचारण्याआधी त्यांना स्वतःला बरं आहे का, ते विचारा.

आणि तिकीट आत्ता काढा, आई बोलू शकते आहे तोवर. आल्यावर पहिले दोन दिवस वहिनींकडून सगळं शिकून घ्या, दर दोन तासांनी कूस कशी बदलतात, कोरडं तोंड ओल्या कापडाने कसं टिपतात, घडी कशी बदलतात. मग त्यांना आठ दिवस माहेरी जाऊ द्या.