वाचकांचे प्रश्न : कपाशीच्या शेतातून दिसणारे जग

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील माध्यमिक शाळेत शिकवते. विद्यार्थ्यांना ‘जागतिक नागरिक’ म्हणून घडवावे, असे प्रशिक्षणात सांगण्यात आले. त्यानुसार आम्ही देशोदेशींचे झेंडे लावले, वेशभूषेचा कार्यक्रम घेतला. पण आमच्या मुलांनी जळगाव-धुळ्यापलीकडचे फारसे काही पाहिलेले नाही. पुढे काय करावे?

उत्तर : झेंडे लावल्याने एक दिवस आनंदात जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र 2018 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत 15 वर्षांच्या मुलांची जागतिक क्षमता तपासली गेली, तेव्हा तिची चार अंगे मानली होती : स्थानिक व जागतिक प्रश्नांची चिकित्सा, इतरांच्या दृष्टिकोनाची समज, वेगळ्या संस्कृतीतील माणसांशी मोकळा व उचित संवाद आणि सर्वांच्या हितासाठी कृती. यांपैकी एकासाठीही पासपोर्ट लागत नाही.

आपल्या शाळेभोवती कपाशी आहे, तेथूनच आरंभ करावा. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे मुंबईमार्गे जाणाऱ्या खानदेशी कापसाला अपूर्व भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपताच तो भाव कोसळला आणि चढत्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज उचलले होते, ते अडकले. नववीच्या वर्गाचे तीन गट करून एकाला खानदेशातील शेतकरी, दुसऱ्याला लँकेशायरचा बेकार गिरणी कामगार आणि तिसऱ्याला अमेरिकेच्या कापूसमळ्यातील गुलाम समजून ‘हे युद्ध लवकर संपावे का?’ या प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगावे. शेतकऱ्यांचा गट बहुधा अवघडेल, कारण आपल्या घरची सुबत्ता कोणाच्या तरी उपासमारीवर उभी होती, हे त्यालाच लिहावे लागेल. कामगारांचा गट युद्ध ताबडतोब थांबवा म्हणेल. सर्वांचे लिहून झाल्यावरच सांगावे, की मँचेस्टरच्या कामगारांनी 1862 च्या अखेरीस सभा घेऊन, स्वतः हाल सोसत असताना, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेच्या अध्यक्ष लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले आणि जानेवारी 1863 मध्ये लिंकन यांनी त्याला उत्तर दिले. त्यानंतर जी चर्चा होईल, तीत शिक्षकाने फार बोलू नये.

संवादासाठीही दूर जायला नको. घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारे मूल दिवसातून अनेकदा भाषेची सीमा ओलांडते; आपण मात्र त्याच्या अहिराणीला हसतो. (हे आधी थांबले पाहिजे.) वेचणीच्या दिवसांत सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबांची मुले आपल्या वर्गात येऊन बसत असतील, तर त्यांच्या बोलीतील शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत. कृतीचे तंत्र मी येथे सांगत नाही. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) जाऊन ‘आज भाव का उतरला?’ असे विचारणाऱ्या मुलांना ते आपोआप सुचते.

प्रश्न : मुलाला जगात टिकायचे असेल, तर पाचवीपासून इंग्रजी माध्यमात घालावे का? (एक पालक, शहादा)

उत्तर : इंग्रजी उत्तम यायला हवे, पण त्यासाठी माध्यम बदलणे अनिवार्य नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही, घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे. माध्यमाचा निर्णय लांबवावा आणि रोज अर्धा तास मुलासोबत इंग्रजी ऐकावे, वाचावे. आपल्याला ती येत नसेल, तर त्याच्याकडून शिकावी. शिकवताना त्याचीही ती पक्की होईल.