पुण्याहून कोकण किनाऱ्याने सायकलवर गोव्याला जायचंय. तयार जीपीएक्स फाइल कुठे मिळेल आणि अ‍ॅप कोणतं वापरावं?

तयार फाइली (जीपीएक्स म्हणजे मार्ग बिंदूबिंदूने नोंदवलेली फाइल) ढिगाने मिळतात. स्ट्राव्हा, कोमूट, राइड विथ जीपीएस, सायकलवाल्यांच्या या साइटांवर कुठेही शोधा. पण त्यातली एकही जशीच्या तशी लावून निघू नका. हे जरा सविस्तर लिहिते, कारण याच मुद्द्यावरून मी एक ग्रुप सोडला आहे.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे एल-सेक्शन काढण्यात नोकरी गेली. आडवं अंतर, उभी उंची, जमीन कुठे चढते आणि कुठे बसते ते एका कागदावर. निवृत्तीनंतर सायकल घेतली आणि कोथरूडहून पहाटे निघणाऱ्या एका ग्रुपबरोबर जायला लागले. पानशेत, मुळशी, वाई असं करत करत एकदा ठरलं की ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वर गाठायचं आणि तिथून किनाऱ्याने रत्नागिरी.

आमच्या लीडर सरांनी कुणा परगावच्या तेज सायकलिस्टची फाइल आणली होती. तिच्यात दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर ते गुहागर होतं. मी म्हटलं, एका दिवसात आपल्या ग्रुपला हे जड जाईल. तर सर म्हणाले, "समुद्राच्या कडेने तर जायचंय, चढ येणार कुठून?"

कोकण पाहिलेल्या माणसाने हे बोलूच नये. बागमांडल्याला सावित्रीची खाडी, दाभोळला वाशिष्ठीची, तवसाळला शास्त्रीची. दरवेळी जंगलजेटी (माणसं-गाड्या खाडीपार नेणारी बोट) गाठायला पाण्यापर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर चढायचं. दापोलीहून समुद्र हाकेवर आहे, पण गाव दोनशे मीटरच्याही वर. किलोमीटर मोजून तिथे दिवस आखता येत नाही.

मी ती फाइल घरी नोटपॅडमध्ये उघडली. जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल असते. रेकॉर्ड केलेली असेल तर ओळीओळीला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ लिहिलेली सापडते. दोन बिंदूंमधलं अंतर आणि वेळ घेतली की वेग निघतो, हे शाळेतलं गणित आहे. बाकी सगळीकडे चढावर वेग आठ-नऊचा, आणि दापोलीच्या बाजूच्या एका लांब चढावर मात्र ताशी चाळीस! सामान लादलेल्या सायकलवर कुणीही चढाला चाळीसने जात नाही. तो चढ त्या माणसाने टेम्पोत बसून पार केला होता आणि मार्ग नोंदवणारं घड्याळ बंद करायचं राहिलं होतं. त्याच्या सरासरीवरून आमचे दिवस आखलेले.

मग मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नक्शे पोर्टलवरून त्या पट्ट्यातले १:५०,००० चे नकाशे उतरवून घेतले. कंटूर (समान उंचीच्या रेषा) मोजून ग्राफ पेपरवर पूर्ण दिवसाचा एल-सेक्शन काढला, कागदाला कागद चिकटवून. कर्वे रोडवरच्या हॉटेलात मीटिंग होती, तिथे टेबलावर पसरला आणि टेम्पोचा भाग बोट ठेवून दाखवला. सरांनी तो पूर्ण पाहिलाही नाही. म्हणाले, "मॅडम, हे धरण नाही, राइड आहे." सगळे हसले. मी कागद गुंडाळून पिशवीत ठेवला, आणि घरी जाऊन दाभोळमधल्या एका घरगुती राहण्याच्या सोयीला फोन करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. दुपारी एक ते चार कोकणातली गावं झोपलेली असतात. दुकानाची फळी लावलेली, चहा नाही, लिंबू सरबत नाही. रस्त्याची झळ खालून तोंडावर येते. बुरोंडीच्या पुढे आमच्यातल्या कॉलेजच्या मुलीच्या मांड्यांना गोळे आले. तिला आंब्याखाली बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पोर रडत होती, कारण तिला वाटत होतं की ती कमी पडली. ती कुठेही कमी पडली नव्हती. जो चढ फाइलवाल्याने चाकावर चढलाच नाही, तो ती भर उन्हात चढून आली होती.

दाभोळला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जेटी चालू होती. मी सांगितलं, पलीकडे धोपाव्याचा चढ आहे, अंधारात मी या मुलीला घेऊन जाणार नाही, इथे सोय करून ठेवली आहे. काहीजण थांबले. सर बाकीच्यांना घेऊन गेले आणि खूप उशिरा गुहागरला पोचले, एकाचा दिवा वाटेतच संपला होता. पुण्याला परतल्यावर ग्रुपवर मेसेज आला की काही सदस्यांनी शिस्त मोडली. त्या "काही सदस्यां"नी त्याच दिवशी ग्रुप सोडला.

सरांचा आणखी एक मुद्दा होता, आणि तो अजून बरेच लोक मांडतात. परदेशात सगळे तयार फाइल लावूनच जातात, पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन असंच करतात. बरोबर आहे, जातात. पण ती वाट कशावर आहे ते बघा. पहिला भाग, ग्रेट अलेगेनी पॅसेज, जुन्या रेल्वेमार्गावर आहे, आणि आगगाडीला चढ सोसत नाही म्हणून तो आधीच हळूहळू चढवलेला आहे. पुढचा भाग चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने जातो, जिथून खेचरं नावा ओढायची. जवळजवळ ३०० किलोमीटरमध्ये उंचीचा फरक १८५ मीटरच्या आसपास, तोही ७४ लॉकमध्ये (नाव वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांमध्ये) वाटलेला. मी कालव्यांवर काम केलंय, असा एल-सेक्शन डोळे मिटून काढता येतो. तिथे कुणाचीही फाइल कुणालाही चालते. सह्याद्री उतरून खाड्या ओलांडताना चालत नाही.

आता तुमचं काम. मार्ग स्वतः आखा. राइड विथ जीपीएस किंवा कोमूटवर बोटाने रेघ ओढत जा, प्रत्येक गावाला थांबा, झूम करून उपग्रहाचं चित्र बघा. काळी रेघ डांबर, तांबडी रेघ कच्चा रस्ता. झाडी दाट असेल तिथे स्ट्राव्हाचा हीटमॅप उघडा, रेघ उजळ असेल तर लोक तिथून जातात एवढं कळतं. 

साइट जो चढाचा आकडा देते त्यावर आंधळा विश्वास नको. बऱ्याच ठिकाणी उंचीचा आधार फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीचा असतो. तीस मीटरच्या चौकोनाला एक उंची. घाटातला रस्ता कड्यात कोरलेला, त्यामुळे एकाच चौकोनात वरचा कडा आणि खालची दरीही येते. रेघ चार मीटर इकडे-तिकडे झाली की आलेखात नसलेले चढउतार उभे राहतात आणि घाटाची बेरीज फुगते. उलट खाडीवरचा आखूड, उभा चढ घासून मऊ दिसतो. तुमच्या मार्गावर हा दुसरा प्रकारच जास्त भेटेल. म्हणून जेटीच्या दोन्ही बाजूंचे कंटूर स्वतः मोजा. २० मीटरला एक रेघ असते, अवघड काही नाही.

आणि "एवढं बघत बसलात तर निघणार कधी" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. एसटी स्टँडच्या बाकड्यावर पाठ टेकता येणाऱ्या पुरुषांना ते परवडतं. बाईमाणसाला अंधार कोणत्या गावात पडणार आणि त्याआधी स्वच्छतागृह कुठे मिळणार, हे घरून निघतानाच माहीत असावं लागतं. यात भित्रेपणा नाही. मी ज्या बायकांना बरोबर नेते त्यांना आधी हेच आखायला बसवते.

तुम्ही तरणेताठे असाल आणि मागे गाडी येणार असेल तर तयार फाइलनेही जाल, नाही असं नाही. फक्त मूळ माणसाने कोणत्या महिन्यात केली ते बघा. पावसाळ्यात ताम्हिणी-वरंध्याला दरडी येतात, आदल्या दिवशी घाट चालू आहे ना विचारून निघा. खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत, तेव्हा जेटी चालू आहे का ते फोनवर विचारा, जुन्या फाइलला ते माहीत नसतं.

अ‍ॅप ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड. दोन्ही नेटशिवाय चालतात, दोन्हींत जीपीएक्स उघडते. महाराष्ट्र आणि गोवा, दोन्हींचे नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घ्या.